कुपीतला बर्फ

बाई, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. गरजच पडली नाही. आपलं जे काही बोलणं व्हायचं ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत. एका अंगाला फ्रीज, दुसऱ्या अंगाला डीप फ्रीजर आणि मधे तुमचं लोखंडी टेबल, ज्याचा मागचा डावा पाय अर्धा इंच आखूड होता आणि ज्याच्याखाली मी पत्र्याची चकती सरकवली होती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोललो, ते निराळं. कागदावर आज पहिल्यांदा बसतो आहे, कारण पावसाळ्यात मी मानोऱ्याच्या बाजूच्या त्या तांड्यावर गेलो होतो. कोणता ते तुम्हाला सांगायला नको. तिथं त्या आईच्या ओट्यावर बसून मी तुमच्याबद्दल बोललो. जे बोललो त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं तुमच्याकडे पोचवायचं आहे, आणि ते पंचवीस वर्षांपूर्वीच पोचवायला हवं होतं.

मी शिकलेला माणूस नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि ते मी कसं मिरवायचो हेही. आठवीनंतर शाळा सुटली. फ्रीज मला कोणी शिकवला नाही. कारंज्याच्या भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला फ्रीज आणला, अंगणात पोतं अंथरून त्यावर तो पूर्ण खोलला, कोणता नट कोणत्या भोकातून निघाला ते वहीत चित्र काढून ठेवलं आणि तसाच परत जोडला. सुरू झाला नाही. पुन्हा खोलला. तिसऱ्या वेळी जोडला तेव्हा तो कण्हत सुरू झाला आणि आईनं त्यावर कुंकू लावलं. तेव्हापासून मला वाटायचं की जगातली कोणतीही वस्तू तीनदा उघडली की कळते. दवाखान्याचा फ्रीज बंद पडला आणि जिल्ह्याहून माणूस यायला पंधरा दिवस लागतील असं कळलं तेव्हा तुम्ही मला बोलावलंत. फक्त मोटर चालू करणारा रिले गेला होता. पाऊण तासात मी तो चालू केला. तुम्ही दाराला हात लावून थंडावा पाहिला आणि म्हणालात, ‘‘मिस्त्री, तुमी इथंच काहून राहात नाही?’’ मी राहिलो. आधी पोलिओच्या मोहिमेपुरता, मग लसीचा डबा गावोगाव पोचवणारा म्हणून कायमचाच.

पोलिओच्या मोहिमेनंच माझं डोकं फिरवलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. त्या दिवसांत आम्ही सगळे नुसते बर्फ बर्फ करत होतो. पोलिओच्या लसीला जितका बर्फ तितका चांगला. ती गोठली तरी तिचं काही बिघडत नाही. आपल्याकडच्या उन्हात, जिथं दुपारी सायकलच्या सीटला हात लावता येत नाही, तिथं थंड म्हणजे चांगलं हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून मोहिमेत तो फ्रीज पुन्हा दुरुस्त केल्यावर मी त्याचं बटण सगळ्यात शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं आणि तुम्ही खूश व्हाल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम तिथं उभा राहिलो. तुम्ही दार उघडता, आतलं थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात धरता, आणि माझ्याकडे वळता.

‘‘हे बटन कोनं फिरवलं?’’

‘‘मी. पाहा ना, कसा मस्त गार करून राह्यला.’’

‘‘मिस्त्री, हे काय कुल्फीचं दुकान हाय?’’

दारात उभी असलेली झाडूवाली हसली. मला ते लागलं. मी म्हणालो, ‘‘पोलिओ तं आपन बर्फातच ठेवतो.’’

‘‘पोलिओले चालते. त्रिगुणीले नाही चालत. ते उनानं मरते तशीच बर्फानं बी मरते. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. ध्यानात ठेवजा.’’

त्रिगुणी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची मिळून एक लस. तेव्हा तिला सगळे तसंच म्हणायचे. मग तुम्ही मला ती दुसरी गोष्ट शिकवलीत. डीप फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे चपटे डबे, ज्यांना आपण आईसपॅक म्हणतो, ते लगेच लसीच्या डब्यात भरायचे नाहीत. टेबलावर मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटू द्यायचा. मग एकेक उचलून कानाशी हलवायचा आणि आतून पाण्याचा आवाज आला तरच भरायचा. उन्हाळ्यात वीस मिनिटं, थंडीत पाऊण तास. ‘‘पानी बोललं पाह्यजे,’’ असं तुम्ही म्हणायचा. मी तुमच्यासमोर ते सगळं करायचो. कानाला लावायचो, मान हलवायचो. पण मनात म्हणायचो, ही बाई फ्रीजचं दार उघडते, मी फ्रीज उघडतो. तिला काय सांगायचं. तुम्ही ते तीन वेळा तरी सांगितलंत हे मला पक्कं आठवतं, म्हणजे पोलिओच्या मोहिमेवर ढकलायला मला जागा नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जायची होती, पण ट्रक दोन दिवसांनी येणार असं ठरलं होतं आणि त्याआधी लहान लेकरांना सुया द्यायच्या असं तुम्ही ठरवलं होतं. सकाळी तुम्ही नुसत्या याद्या करायला तांड्यावर गेलात आणि तिथं ट्रक उभा. मुकादम एक दिवसही थांबायला तयार नाही. तुम्ही कारंज्याकडे सवाऱ्या घेऊन निघालेल्या जीपवाल्याच्या हाती मला निरोप पाठवलात की डबा घेऊन लगेच या, अकराच्या आत. निरोप मिळाला तेव्हा दवाखान्याच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीत मी एकटा. मी चार आईसपॅक काढून टेबलावर ठेवले. सकाळची थंडी होती, ते दगडासारखे कोरडे. घाम फुटायला पाऊण तास तरी लागला असता. मी पाच मिनिटं थांबलो, बाई. त्या पाच मिनिटांत मी सायकलीत हवा भरली. मग चारही पॅक तसेच डब्यात बसवले, मधे कुप्या ठेवल्या, त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घालायचंही राहिलं, आणि चौदा किलोमीटर सायकल हाणली. नऊ पंचवीसला मी तांड्यावर होतो.

ते दृश्य मला आजही दिसतं. ट्रकच्या मागच्या भागात खाटा उलट्या घातल्या आहेत, त्यांच्या पायांत कोंबड्यांच्या पाट्या अडकवल्या आहेत, दोन शेळ्या आधीच वर चढवल्या आहेत आणि त्या कडेला तोंड काढून ओरडत आहेत. बाया गाठोड्यांवर बसल्या आहेत, मांडीत लेकरं. तुम्ही एका पालथ्या पाटीवर बसून स्टोव्हवर सिरिंजा उकळत आहात, तेव्हा काचेच्या असायच्या, आणि माझ्याकडे न पाहता म्हणता, ‘‘आले का? उडून आले का काय?’’ मी डबा उघडतो. पोलिओची कुपी देतो. मग त्रिगुणीला हात घालतो तर ती आईसपॅकला चिकटलेली. मी ती ओढून काढतो. काचेवर बाहेरून दव, आणि आतून एका बाजूला चंद्राच्या कोरीएवढा बर्फ.

तुम्ही जे सांगितलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं. विसरलो होतो असं मी कुठंही म्हणणार नाही. पण मी ट्रककडे पाहिलं, त्या बायांकडे पाहिलं, आणि दुसरी कुपी डब्यात नव्हती. मी पाठ फिरवली, कुपी दोन्ही तळहातांत धरली आणि चोळली. मग बगलेत धरली. तीन मिनिटांत बर्फ गेला. मी विचार केला, पाणी गोठलं, पुन्हा पाणी झालं, त्यात बिघडण्यासारखं काय आहे? तळाशी बारीक कणी दिसत होती, नासायला आलेल्या दुधासारखी. मी कुपी जोरात हलवली. ती ढवळून पांढरी झाली. ‘‘मिस्त्री, त्रिगुणी,’’ तुम्ही हात मागे केलात आणि मी ती त्या हातात ठेवली.

नऊ लेकरं. एका कुपीत दहा डोस असायचे, एक उरला. शेवटचं लेकरू एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीचं होतं. पहिलंच, अडीच महिन्यांचं, डोक्याला लाल कानटोपी. सुई टोचल्यावर त्यानं आधी श्वास ओढून धरला आणि मग रडलं. त्याची आई तुम्हाला म्हणाली, ‘‘आता खोकला-बिकला नाही ना होनार याले, बाई?’’ तुम्ही खोटं कधी बोलत नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘‘एकीनं पुरं होत नाही वं. तीन लागतात. तिकडे दवाखाना असंलच, हे कार्ड दाखवजो. पन सुरुवात झाली, हे लय झालं.’’ तिनं कार्ड पदराच्या टोकाला बांधलं. ट्रक दहा चाळीसला हलला. मी घड्याळ पाहिलं होतं. नंतर हा हिशेब मी किती वेळा मांडला सांगता येत नाही. पाऊण तास थांबलो असतो तरी दहा पाचला पोचलो असतो. नऊ लेकरांना अर्धा तास पुरे. वेळ होता, बाई.

ट्रक गेल्यावर तुम्ही जेवणाचा डबा सोडलात, भाकरीवर झुणका वाढून आधी मला दिलीत आणि परत आलेल्या जीपवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, ‘‘आज मिस्त्री नसते तं नऊच्या नऊ लेकरं तशीच गेली असती.’’ ती भाकर मला गोड लागली. हेही लिहून ठेवतो.

जानेवारीत नव्या आलेल्या नर्सना दाखवायला म्हणून तुम्ही एक प्रयोग केलात. वापराची तारीख निघून गेलेल्या दोन त्रिगुणीच्या कुप्या घेतल्यात. एक रात्रभर डीप फ्रीजरमध्ये गोठवली, सकाळी वितळू दिली. मग दोन्ही सारख्याच हलवल्यात आणि खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्यात. ‘‘आता नुसतं पाहत राहा,’’ म्हणालात. एक कुपी पांढरीच राहिली. दुसरीत कणी खाली बसायला लागली, वरती पाणी निवळत गेलं, आणि अर्ध्या तासात तळाशी पांढरा गाळ नि वर स्वच्छ पाणी. तुम्ही ती कुपी उजेडात धरलीत. ‘‘हे मेलेली. पुन्हा हलवली तं जित्यासारखी दिसंल. पन मेलेली ते मेलेली. हे देल्ली अन् साधं पानी टोचलं, सारखंच.’’ पोरी वहीत लिहून घेत होत्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या कुपीतली कणी मी ओळखत होतो.

त्या दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही काय केलं असतं हेही मला ठाऊक आहे. मला चार शब्द सुनावले असते, मग रजिस्टर काढून नऊ नावं वेगळी केली असती, मुकादमाचा पत्ता शोधला असता, तिकडच्या दवाखान्याला कळवलं असतं. तुमच्या हातून ते झालं असतं. मला काम जाण्याची भीती नव्हती. हाताला काम होतंच. मला भीती होती ती तुमच्या तोंडून ‘मिस्त्री’ हा शब्द पुन्हा पूर्वीसारखा निघणार नाही याची. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प राहिलो.

होळीनंतर ट्रक परत आले. ती पोरगी तुमच्याकडे आली ती एकटी. आरडाओरडा केला नाही. टेबलासमोर उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि कार्ड तुमच्यापुढे ठेवलं. म्हणाली, ‘‘हे तुमचं तुमाले ठेवा.’’ माघात, तिकडे उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, बाळाला खोकला लागला होता. ‘‘खोकलता खोकलता निळं होये. मंग असा आवाज काढून दम ओढे, जसं कोनं गळा धरला. तेरा दिवस. तिथल्या डाक्टरनं डांग्या खोकला सांगतला. मी म्हनलं, माह्या पोराले त्याची सुई देल्ली हाय. तो हासला.’’ दुसरी सुई घेतली नव्हती, फडातून सुट्टी कुठली. तुम्ही तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

ती गेल्यावर तुम्ही दार लोटून घेतलंत. रजिस्टर काढलंत, कुपीवरचा नंबर पाहिलात, तारीख पाहिलीत. मग मला विचारलंत, हळू, आरोपाचा सूर नव्हता त्यात. ‘‘मिस्त्री, त्या दिवशी डबा बराबर होता ना?’’

मी म्हणालो, ‘‘एकदम बराबर होता, बाई.’’

तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर तुमचा इतका विश्वास होता की तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्ही स्वतःच्या हाताकडे पाहिलंत. ‘‘मंग माहाच हात चुकला असंल. सुई मासात गेली नसंल. वरच राह्यली असंल.’’ पुढच्या आठवड्यात तुम्ही वाशिमला जाऊन डोळे तपासून आलात. नंबर फार नव्हता, तरी चष्मा केलात, आणि त्यानंतर चष्म्याशिवाय तुम्ही कधी सुई धरली नाही. टोचायच्या आधी चष्मा नाकावर नीट बसवायचा, मांडीवर बोट ठेवून जागा पाहायची, पुन्हा पाहायची. नवीन पोरी मागून नक्कल करायच्या. मी एकदा एकीला रागावलो, तर ती म्हणाली, ‘‘तुमाले काहून झोंबते, भाऊ?’’

तांड्यानं तुम्हाला दोन वर्षं दार उघडलं नाही. सुई देऊनही पोर जातं, मग सुई कायले, हे त्यांचं म्हणणं आणि त्यात चूक काहीच नव्हती. तरी दर महिन्याच्या ठरल्या दिवशी तुम्ही जायचा. निंबाखाली डबा ठेवून बसायचा, मी बाजूला. कोणी यायचं नाही. माणसं समोरून जायची, रामराम करायची, लेकरांना घरात घ्यायची. तुम्ही भाकर खायचा, डबा उचलायचा, आपण परत. त्या निंबाखाली बसून मी डब्यातले आईसपॅक किती नेमानं कानाला लावायचो ते तुम्ही पाहिलंत आणि एकदा म्हणालातही, ‘‘आता पक्के झाले तुमी.’’ तिसऱ्या वर्षी एक म्हातारी नातीला घेऊन आली, मग हळूहळू बाकीचे. ती मात्र आली नाही. तिला नंतर दुसरा मुलगा झाला, तो एकाही सुईशिवाय वाढला.

मी आता त्याच खोलीत लसींचा सगळा साठा सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहितो, सणवार धरून, आणि माझ्या तक्त्यात खाडाखोड नाही. तालुक्याचं प्रशिक्षण असलं की मला बोलावतात. मी दोन कुप्या खिडकीत ठेवतो आणि म्हणतो, आता नुसतं पाहत राहा. पोरी विचारतात, हे तुम्ही कुठं शिकले? मी म्हणतो, स्वतःच. तुमचं नाव घेतलं तर पुढचंही सांगावं लागेल असं वाटतं. आणि त्या नऊमधले उरलेले आठ. त्यातल्या सहांना मी चेहऱ्यानं ओळखतो. पंचविशीतली माणसं आता, कोणाचं हॉटेल आहे, एक मानोऱ्याच्या बाजारात मिरच्या विकते. बाजारात गर्दीत कोणी खोकललं की मी आधी त्यांच्यापैकी कोणी जवळ आहे का ते पाहतो. याला काही अर्थ नाही हे मला कळतं. नंतर त्यांना पुढचे डोस मिळाले, ती वयानंही त्या धोक्याच्या पुढे गेली. तरी मी पाहतो. त्या नवव्याला एका चांगल्या डोसानं वाचवलं असतं का, हे मी वेगवेगळ्या वेळी तीन डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून. एक म्हणाला कदाचित. एक म्हणाला सांगता येत नाही. तिसरा म्हणाला, एका डोसानं थोडंफार तरी संरक्षण मिळतंच, काही नाही त्यापेक्षा पुष्कळ. हा तिसरा माझ्या डोक्यातून जात नाही.

तर यंदाच्या पावसाळ्यात त्या तांड्याची आशा कार्यकर्ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘भाऊ, एक घर ऐकून नाही राह्यलं. सून तयार हाय, पोरगा तयार हाय. सासू म्हनते, माह्या जित्या जीवात नाही. दीड महिन्याचं लेकरू हाय अन् दिवाळीनंतर नवरा-बायको उसाले जाऊन राह्यले, लेकराले घेऊन.’’ सासू कोण ते तिनं सांगायच्या आधीच मला कळलं. आता तीन डोस चार-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायचे, म्हणजे लगेच सुरुवात झाली तरच ट्रकच्या आधी पुरे होणार. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. एक आठवडाही वाया घालवायला नव्हता.

मी गेलो. तिनं ओट्यावर पोतं टाकलं. ‘‘तुमी त्या बाईसंग येनारे सायकलवाले ना? डोकं पांढरं झालं की तुमचं. बसा. चहा घ्या, पन सुईचं बोलू नका.’’

चहा आला. आत पाळण्यात लेकरू कुरकुरत होतं. मी म्हणालो, ‘‘ताई, सुईचं नाही बोलत. त्या दिवशीचं बोलतो. तुमच्या पोराले जे दवाई देल्ली ते खराब झालेली होती.’’

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, ‘‘कशानं?’’

बाई, चौदा किलोमीटर मी तेच घोकत गेलो होतो. मी घाई केली, मी पॅक तसेच भरले, मी कुपी बगलेत धरली. तोंडात आलेलं होतं. आणि मी म्हणालो, ‘‘दवाखान्याचा फ्रीज बिघडला होता. जास्त थंड झाला अन् दवाई गोठली. गोठली की ते मरते.’’

‘‘बाईले मालूम होतं?’’

‘‘नाही. तिले शेवटपर्यंत मालूम नव्हतं. तिले वाटे तिचाच हात चुकला.’’

‘‘अन् तुमाले?’’

‘‘मले मागून समजलं.’’

तिनं कप खाली ठेवला. ‘‘मी तिच्या मातीले नाही गेली,’’ म्हणाली. ‘‘सारा तांडा गेल्ता. मी म्हनलं, माह्या पोराच्या वक्ताले कोन आलं? अन् ते बिचारी...’’ तिनं मग मला विचारलं, फ्रीज आता कसा आहे. मी म्हणालो, नवा आहे, मीच सांभाळतो, आणि दवाई मेली की जिवंत ते तुमच्या डोळ्यासमोर दाखवू शकतो. ती उठली, आतून लेकरू घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘तुमी खरं बोलले. इतक्या वर्सांत कोनं येऊन सांगतलं नाही. दुसरा असता तं झाकून ठेवतं.’’

दुसऱ्या दिवशी डबा मीच नेला. तिच्यासमोर पॅक कानाला लावला, तिच्याही कानाला लावला. कुपी हलवून तिच्या हातात दिली आणि अर्धा तास आम्ही सगळे त्या कुपीकडे पाहत बसलो, नवी नर्स घड्याळाकडे पाहून जांभया देत होती. कणी बसली नाही. सुई झाली, लेकरू रडलं, सून हसली. निघताना ती म्हणाली, ‘‘पुढच्या खेपीले बी तुमीच आनजा डबा. दुसऱ्याचा मले भरोसा नाही.’’

तुमच्यावरचा बोल मी उतरवला, एवढं बरं झालं. पण तो फ्रीज त्या वर्षी एक दिवसही बिघडला नव्हता, बाई. दोन ते आठच्या मधे होता, तुमच्याच अक्षरातला तक्ता माझ्याकडे आहे. दुसरी सुई झाली तेव्हाही मी गेलो. ठरवलं होतं की तिसरी झाली की सांगायचं. आधी सांगितलं आणि तिनं लेकरू परत आत नेलं तर? हे कारण खोटं नाही. ते लेकरू उघड्या फडात चार महिने राहणार आहे आणि त्याला तिन्ही हवेत. ते झालं की मग मी तिच्यासमोर बसून सगळं सांगेन, बगलेत धरलेल्या कुपीसकट, आणि तिला जे म्हणायचं ते म्हणू दे. असं मी ठरवलं आहे.

इथपर्यंत लिहून नऊ दिवस झाले. काल तिसरी झाली. ट्रक पुढच्या आठवड्यात आहे. लेकरू आता मान धरतं, सुई पाहूनच त्यानं ओठ काढला. ती चहा घेऊन आली, माझ्यासमोर बसली, ओट्यावर आम्ही दोघंच होतो. तिनं विचारलं, ‘‘झाल्या ना आता साऱ्या?’’

मी म्हणालो, ‘‘अजून गोवराची राह्यली, ताई. नवव्या महिन्याले. ते उसाहून आल्यावर.’’

हे खरं आहे, गोवराची राहिलीच आहे. पण ती अजून राहिली आहे याचं मला त्या ओट्यावर जे बरं वाटलं, ते लेकरासाठी नव्हतं. चहा संपवून मी डबा उचलला आणि आलो.